औषधांचा लोककोश: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

फोंड्याच्या एका वाचनालयात दर रविवारी जमणाऱ्या मंडळाने औषधांचा मराठी कोश इंटरनेटवर उभारायचे ठरवले आहे. तो एखाद्या संस्थेने न लिहिता अनेकांनी मिळून लिहावा, वाचणाऱ्यालाही त्यात दुरुस्ती सुचवता यावी आणि तो सर्वांना विनामूल्य खुला असावा, अशी त्यांची कल्पना आहे. या संकल्पाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

आमच्या मंडळात दोन निवृत्त औषधनिर्माते, एक परिचारिका, तीन शिक्षक आणि औषधनिर्माणशास्त्राचे काही विद्यार्थी आहेत. गोळ्यांच्या पट्टीवरचे इंग्रजी गावातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, हे आम्ही रोज पाहतो. वर्षभरात एक हजार औषधांची पाने लिहावीत असा बेत आहे. सुरुवात कशी करावी?
— एक निवृत्त औषधनिर्माता, फोंडा

आपला संकल्प मला मनापासून पटला आहे, आणि म्हणूनच पहिली विनंती अशी की एक हजार हा आकडा आपण आजच बाजूला ठेवावा. पान लिहिण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कष्ट ते राखण्याला पडतात. एकाच गोळीत दोन-तीन औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र केलेली असतात, अशा ३२८ मिश्रणांवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणि आणखी १५६ मिश्रणांवर ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी घातली. असा आदेश निघाल्यावर ज्या कोशातली पाने महिनोन्‌महिने तशीच राहतात, तो कोश नसलेलाच बरा, कारण वाचणारा त्याच्यावर विसंबलेला असतो. हजार पाने लिहायला आपल्याला वर्ष पुरेलही, पण ती राखायला दहा-बारा माणसे पुरणार नाहीत. चाळीस पानांपासून प्रारंभ करा.

ती चाळीस कोणती, हे ठरवायला फार दूर जावे लागणार नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीच्या २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. ही आपल्या कामाची बाहेरची कुंपणरेषा समजावी. त्यातून आपल्या औषधनिर्मात्यांनी आयुष्यभर जी औषधे सर्वाधिक हातावेगळी केली, ती निवडावीत: पॅरासिटामॉल, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, थायरॉक्सिन, लोहाच्या गोळ्या, जुलाबावरचे ओआरएस.

एका पानावर एकच औषध असावे आणि पानाचे शीर्षक औषधाचे सामान्य नाव असावे, कंपनीने दिलेले व्यापारी नाव नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली आंतरराष्ट्रीय सामान्य नावांची पद्धत सुरू केली, ती याच गोंधळावर उपाय म्हणून. आपल्याकडे तापासाठी एक गोळी आणि सर्दीसाठी दुसरी गोळी घेणाऱ्या माणसाला दोन्हींत पॅरासिटामॉल आहे याची कल्पना नसते, कारण पट्ट्यांवर ठळक अक्षरांत निरनिराळी नावे असतात. प्रौढ माणसानेही चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते, आणि ती इजा पहिल्या दिवशी जाणवतेच असे नाही. व्यापारी नाव शोधणारा वाचक आपोआप सामान्य नावाच्या पानावर पोचेल अशी सोय केली, तर ‘अहो, हे तर तेच औषध’ हा बोध त्याला शोधतानाच होईल. कोशाने दुसरे काही केले नाही आणि एवढेच केले, तरी माझ्या मते त्याचे श्रम सार्थकी लागले.

आता मराठीपुरती एक अडचण सांगतो, कारण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पॅरासिटामॉल हा शब्द आपण किमान तीन तऱ्हांनी लिहितो. केवळ शुद्धलेखनाचा हा प्रश्न असता तर मी त्यावर जागा खर्च केली नसती. परंतु औषधांच्या सामान्य नावांचे शेपूट त्या औषधाचे कूळ सांगत असते. ज्या नावाच्या शेवटी ‘ओलॉल’ येते ते बहुधा हृदयाची गती आणि रक्तदाब उतरवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातले असते. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ ही रक्तदाबावरच्या दोन वेगवेगळ्या कुळांची नावे आहेत. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्यांचे आहे. एकाने ॲटेनोलॉल लिहिले आणि दुसऱ्याने मेटोप्रोलोल, तर दोन सख्ख्या भावांची आडनावे वेगळी लागल्यासारखे होते आणि वाचकाला नाते दिसत नाही. म्हणून पहिले पान लिहिण्यापूर्वी या शेपटांची देवनागरी रूपे एका बैठकीत ठरवून घ्या, ती सर्वांवर बंधनकारक करा, आणि इतर रूपे शोधणाऱ्यालाही त्याच पानावर आणून सोडा.

तांत्रिक बाजूची काळजी आपण करता तितकी करण्याचे कारण नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्त आणि विनामूल्य आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी पहिले काही महिने तिथेच औषधांची पाने लिहून हात बसवावा, असे मला वाटते. अनोळखी माणसाने आपले वाक्य खोडले की त्याच्याशी वाद कसा घालावा आणि कधी माघार घ्यावी, हे शिक्षण तिथे मिळते आणि ते पुस्तकातून मिळत नाही.

रुग्ण आधीच इंटरनेटवर वाचून स्वतःची मात्रा स्वतः ठरवतात. कोणीही लिहू शकेल अशा कोशामुळे हा धोका वाढणार नाही का?
— एक डॉक्टर, म्हापसा

आपली भीती रास्त आहे आणि मंडळाने ती कामाच्या पायाभरणीतच घालावी. इंग्रजी विकिपीडियावर वैद्यकीय लेखन करणाऱ्यांनी आपसांत घालून घेतलेला नियम असा आहे की औषधाची मात्रा सामान्यतः लिहायचीच नाही. मी या कोशालाही तोच नियम सुचवीन. वय, वजन, मूत्रपिंडाची स्थिती, गर्भारपण, सोबतची औषधे हे सारे पाहून जी ठरते, ती मात्रा पानावर येऊ शकत नाही.

तरीही तीन गोष्टी मी आवर्जून लिहायला लावीन. एक, जिथे ती प्रस्थापित आहे तिथे ओलांडू नये अशी कमाल मर्यादा, जशी पॅरासिटामॉलची. दुसरी, औषध घेण्याची लय. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर अस्थिमज्जा काम करेनाशी होऊन प्राण जाऊ शकतो. पानाच्या डोक्यावर, इतर सगळ्या मजकुराच्या आधी, हे वाक्य असले पाहिजे. तिसरी, जी औषधे मनाने अचानक बंद करू नयेत त्यांची सूचना: दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, प्रोप्रानोलॉल, फिट्सवरची औषधे.

एककांविषयीही कडक राहावे लागेल. मराठीत मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम हे दोन्ही शब्द ‘म’नेच सुरू होतात आणि त्यांच्यात हजार पटींचा फरक आहे. थायरॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ अशी संक्षिप्त रूपे कोशात मुळीच असू नयेत, पूर्ण शब्द लिहावा. अपूर्णांक लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य हवे, म्हणजे ‘.५’ असे न लिहिता ‘०.५’, आणि पूर्णांकापुढे नको, म्हणजे ‘५.०’ असे न लिहिता ‘५’. पुसट झालेल्या एका टिंबाने मात्रा दहापट होते, हे आपण माझ्याहून अधिक जाणता.

राहिला ‘कोणीही’ हा शब्द. सूचना कोणीही करावी, परंतु ती वाचकांसमोर येण्याआधी ठरलेल्या तपासनिसांपैकी एकाने ती पाहिलेली असावी. जर्मन विकिपीडियावर २००८ पासून अशी पद्धत आहे की नवख्या माणसाने केलेला बदल अनुभवी सदस्याने पाहिल्यावरच सामान्य वाचकाला दिसतो. तेच साधन आपल्याकडेही वापरता येते. तपासनिसांची नावे पात्रतेसह पानावर असावीत, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली तेही ठळकपणे असावे. आधार म्हणून एखाद्या सुट्या प्रयोगाचे निष्कर्ष चालणार नाहीत. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा हवा. कॉक्रेन ही असे आढावे करणारी संस्था २०१४ पासून विकिपीडियासोबत काम करते आहे.

आणखी एक. ‘मला या गोळीने पुरळ उठले’ असे अनुभव लोक कोशात लिहू लागतील. ते वाया जाऊ नयेत, पण त्यांची जागा कोश नव्हे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे अशी नोंद रुग्णालाही करता येते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ प्रत्येक पानाच्या तळाशी द्यावा. आणि, डॉक्टरसाहेब, आपण विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याकडेच आहे: महिन्याकाठी दोन पाने तपासण्याची जबाबदारी आपण घ्याल का?

आमचे घर किनाऱ्यापासून दूर नाही. मोसमात इथे काय काय विकले जाते ते आम्ही आईबाप पाहतो आणि गप्प बसतो. या कोशात गांजा, कोकेन, एमडीएमए (‘एक्स्टसी’ म्हणून विकला जाणारा नशेचा पदार्थ) यांचीही पाने असणार असे ऐकले. मुलांच्या हाती ही माहिती देणे योग्य आहे का? औषधांच्या शेजारी हे पदार्थ ठेवायचेच कशाला?
— एक आई, पेडणे तालुका

ताई, आपले पत्र मी पुनःपुन्हा वाचले. मी आपल्याशी सहमत नाही, पण तसे लिहिताना मन जड होते, म्हणून कारणे सविस्तर देतो.

औषध आणि अमली पदार्थ यांच्यामध्ये आपण मनात जी भिंत बांधतो, ती कायद्याने आणि उपयोगाने बांधलेली आहे. पदार्थाच्या गुणधर्मात ती नाही. १९८५ च्या ज्या कायद्याला आपण एनडीपीएस म्हणतो, त्याच्या मराठी नावातच ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये’ असे शब्द आहेत. त्याच कायद्याखाली येणारे मॉर्फिन कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या वेदनेवर दुसरे काही चालत नाही तेव्हा चालते, आणि ते रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. केटामाइन हे शस्त्रक्रियेआधी भूल देण्याचे औषध आहे आणि मेजवान्यांमध्ये त्याचा गैरवापरही होतो. ट्रामाडोल हे वेदनाशामक २०१८ पासून या कायद्याच्या कक्षेत आले. त्याच्या आदल्या दिवशी ते केवळ औषध होते. आता मॉर्फिनचे पान लिहायचे आणि मॉर्फिनपासूनच बनणाऱ्या हेरॉइनचे नाही, असे ठरवले तर वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक मॉर्फिनलाच नशा समजून नाकारतात, त्यांना आपण काय सांगणार?

माझे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. मुलांपर्यंत माहिती पोचतेच आहे, आणि ती विकणाऱ्याकडून पोचते आहे. एरोविडसारखी इंग्रजी संकेतस्थळे १९९५ पासून या पदार्थांची माहिती देत आहेत. मराठीत मात्र घाबरलेल्या आईला वाचायला काही नाही. कोशातल्या एमडीएमएच्या पानाने हे सांगितले पाहिजे की या पदार्थाने शरीराचे तापमान धोकादायक पातळीवर जाऊ शकते, आणि रंगीत गोळी म्हणून जे विकले जाते त्यात तोच पदार्थ आहे याची खात्री कोणतेही पान देऊ शकत नाही. हेरॉइनच्या पानाने सांगितले पाहिजे की अतिमात्रेत श्वास मंदावतो, माणसाला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ ला बोलवावे, आणि नालोक्सोन नावाचे औषध तो परिणाम उलटवू शकते.

आणि दारूचेही पान हवे. आपल्या गोव्यात दारूला कोणी या यादीत धरत नाही, परंतु झोपेच्या किंवा अफूजन्य औषधांसोबत ती घेतली तर श्वास थांबू शकतो, आणि वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकाएकी सोडली तर फिट्स येणे, भ्रम होणे, क्वचित मृत्यू येणे हेही घडते. ‘उद्यापासून थेंब नाही’ अशी शपथ घ्यायला लावणाऱ्या प्रेमळ कुटुंबांना हे ठाऊक नसते.

आपल्या भीतीतला खरा भाग मी मंडळाच्या नियमांत घालावा असे सुचवले आहे. पदार्थ कसा तयार करतात, कुठे मिळतो, किती किमतीला मिळतो आणि किती घेतल्यावर ‘मजा’ येते, यांतले एकही वाक्य कोशात असणार नाही. नशेचे स्वानुभवही असणार नाहीत. अनुभव वाचताना कुतूहल चाळवते, हे एक कारण. दुसरे असे की सेवन हाही या कायद्याने गुन्हा आहे, पदार्थानुसार त्याला सहा महिने ते एक वर्षापर्यंतची कैद आहे, आणि लिहिणाऱ्या मुलाची कबुली त्याच्यावरच उलटू शकते.

मात्र त्याच कायद्याचे ६४-अ हे कलम प्रत्येक पानावर सोप्या मराठीत यायला हवे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या व्यसनाधीन व्यक्तीने आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचाराला नेले की पोलीस येतील, या धास्तीने घरातले प्रकरण घरातच दाबून ठेवणारी कुटुंबे पुष्कळ असतात. बांबोळीची मनोरुग्णोपचार व मानवी वर्तन संस्था आपल्यापासून फार लांब नाही. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे आणि मनाच्या आधारासाठी टेलीमानसचा १४४१६. हे दोन्ही क्रमांक आपल्या शेजाऱ्यांनाही सांगा.

आमच्या आजीची झाडपाल्याची औषधे कोशात घेता येतील का? आणि गोव्यात कोश करायचा तर कोंकणीत का नाही?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

घ्यावीतच, पण नावांची गाठ आधी सोडवावी लागेल. आपल्या घरी तापावर ज्या कडू किरायत्याचा काढा होतो, ते बहुधा अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, म्हणजे ओले किराईत. बाजारातले काडेकिराईत हे हिमालयातले वेगळेच झाड. आजीच्या ओठी नाव एक आणि झाडे दोन. म्हणून वनस्पतीच्या पानाला शास्त्रीय नाव हे मूळ धरावे आणि मराठी, कोंकणी, पोर्तुगीज नावे त्याखाली गोळा करावीत. वनस्पती आणि तिच्यातून काढलेले द्रव्य यांची पानेही वेगळी हवीत: सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळे केले गेले, पण मुळीचे चूर्ण आणि मोजून दिलेली रेसर्पिनची गोळी एकच नव्हेत. धोतऱ्याच्या पानावर तर पहिला शब्द ‘विष’ हाच असावा.

या कामात गोव्याची परंपरा मोठी आहे. पणजीत चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण बसतो, तिला गार्सिया द ओर्ता या वैद्याचे नाव आहे. त्याने औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्याची मांडणी दोन माणसांच्या प्रश्नोत्तरांची आहे. भांग, अफू आणि धोतरा हे विषय त्यातही आहेत. त्याहून मला जवळचा वाटणारा दाखला १६७५ चा आहे. मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध करणाऱ्या डच अधिकाऱ्याला रंगभट, विनायक पंडित आणि अपुभट या कोंकणीभाषक वैद्यांनी साहाय्य केले, आणि त्यांचे देवनागरीतले कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. माहिती देणाऱ्यांची नावे त्यांच्याच लिपीत ग्रंथावर आली. आपल्या आजीचेही नाव, तिची संमती असेल तर, त्या पानावर यायला हवे.

कोंकणीविषयी: अवश्य करा. गोवा विद्यापीठाने आपला कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला आहे, म्हणजे पायाभूत मजकूर तयार आहे. मराठी कोशानेही तोच परवाना घेतला, तर दोन्ही भाषांना एकमेकींची पाने उचलता येतील.

कोशाला पैसे लागतीलच. औषध कंपन्यांकडून किंवा आमच्यासारख्या दुकानदारांकडून जाहिरात घ्यायला काय हरकत आहे? आणि दोन वर्षांनी मंडळ थकले तर?
— एक औषधविक्रेता, मडगाव

जाहिरात घेऊ नये. ज्या पानावर एखादे औषध निरुपयोगी ठरल्याचे लिहायची पाळी येऊ शकते, त्या पानाचा खर्च ते विकणाऱ्याने उचललेला नसावा. चाळीस पानांच्या कोशाला सर्व्हरचे भाडे फारसे लागत नाही. ते वाचनालयाच्या वर्गणीतून भागेल. आपल्याला मदत करायचीच असेल तर आपल्या दुकानात लोक औषधांविषयी जे प्रश्न विचारतात, ते महिनाभर वहीत टिपून मंडळाकडे पाठवा. त्याची किंमत जाहिरातीहून जास्त आहे.

मंडळ थकण्याची शक्यता मी नाकारत नाही. त्यासाठी दोन तरतुदी आजच कराव्यात. सर्व मजकुराची प्रत दरमहा वाचनालयाबाहेरच्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी जावी, आणि परवाना असा असावा की श्रेय देऊन, त्याच अटींवर, तो कोणालाही पुढे नेता यावा. शिवाय एक वर्षाहून अधिक काळ न तपासलेल्या पानावर तशी सूचना आपोआप, लाल अक्षरांत, शीर्षकाच्या वर झळकावी, आणि दोन वर्षे झाली की ते पान वाचकांसमोरून काढून तपासनिसांच्या यादीत जावे. माणसे नसताना पान मागे घेतले जाईल, ही व्यवस्था माणसे असतानाच करून ठेवावी लागते. फोंड्याच्या मंडळाने पॅरासिटामॉलचे पहिले पान तयार झाल्यावर आमच्याकडे पाठवावे. म्हापशाच्या डॉक्टरांनी होकार दिला तर ते आधी त्यांच्याकडे जाईल आणि त्यांच्या दुरुस्त्यांसह पुढच्या अंकात छापू.